एनएमएमएस शिष्यवृत्ती: आठवीच्या परीक्षेपासून बारावीच्या शेवटच्या रकमेपर्यंत

कोकणात हुशार मुलांची वानवा नाही. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. तरीही आठवीतल्या मुलांसाठी असलेली एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) शिष्यवृत्ती मिळूनही हातची जाते, असं इथल्या शाळांत घडतं. निवड यादीत नाव येतं, शाळेच्या फळ्यावर अभिनंदन लागतं आणि पुढे खात्यात काहीच जमा होत नाही. बहुतेक वेळा अभ्यास कमी पडलेला नसतो. दाखला, आधार, बँक खातं किंवा नववीतला ऑनलाइन अर्ज यांपैकी एक काहीतरी राहिलेलं असतं. म्हणून या लेखात परीक्षेपेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

योजना थोडक्यात

पूर्ण नाव लांबलचक आहे: राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकातील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना. पैसा केंद्र सरकारचा, परीक्षा मात्र राज्याची. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. देशभरात दरवर्षी १ लाख शिष्यवृत्त्या आहेत, त्यांतल्या ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला येतात. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी अशी चार वर्षं, वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे एकूण ४८,०००. पूर्वी महिन्याला ५०० रुपये असत, आता १,००० आहेत. तालुक्याच्या गावी कॉलेजला जाणाऱ्या मुलाचा एसटीचा पास, वह्या-पुस्तकं आणि एखादा क्लास यांना ही रक्कम चांगला हातभार लावते.

राज्याच्या ११,६८२ जागा जिल्हानिहाय वाटल्या जातात. जिल्ह्यातल्या १२ ते १४ वयोगटातल्या मुलांची संख्या आणि सातवी-आठवीची पटसंख्या यांवरून कोटा ठरतो आणि त्यात राज्याचं आरक्षण लागू होतं. म्हणजे कुडाळच्या मुलाची स्पर्धा पुण्याच्या मुलाशी नसते, सिंधुदुर्गातल्याच मुलांशी असते. पण जिल्हा लहान म्हणजे जागाही कमी, त्यामुळे नुसतं पास होऊन भागत नाही.

मूल बसू शकतं का, हे आधी बघा

मूल आठवीत शिकत असावं. शाळा शासकीय, जिल्हा परिषद-नगर परिषदेची किंवा शासनमान्य अनुदानित असावी. सेमी इंग्रजीची तुकडी अनुदानित शाळेतली असेल तर चालते. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची शाळा, केंद्रीय विद्यालय, सांगेलीसारखं जवाहर नवोदय विद्यालय, सैनिकी शाळा आणि शासकीय वसतिगृहाच्या सवलतीत राहून शिकणारी मुलं यांना ही योजना लागू नाही.

सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात.

आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न ३ लाख ५० हजारांच्या आत असावं. पूर्वी ही मर्यादा दीड लाख होती. ती जुनी मर्यादा डोक्यात ठेवून आजही काही घरं "आपलं काही बसत नाही" म्हणून अर्जच करत नाहीत. वडील मुंबईत खासगी नोकरीत आणि आई गावी, अशा घरांनी तर हिशेब नक्की करून बघावा.

जिल्हा परिषदेची अनेक मुलं सातवीपर्यंत वाडीतल्या शाळेत शिकून आठवीला हायस्कूलमध्ये येतात. त्यांचा अर्ज हायस्कूलमधून भरला जातो, पण सातवीचं प्रगतिपत्रक जुन्या शाळेचं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला आणायला जाल तेव्हाच त्याची प्रत घ्या.

उत्पन्नाचा दाखला

नोकरी करणाऱ्या पालकांनी आपल्या आस्थापनेच्या प्रमुखाचा, तर बाकीच्यांनी महसूल खात्याचा दाखला मुख्याध्यापकांकडे द्यायचा असतो. पुढे पोर्टलवरही तोच लागतो, त्यामुळे थेट तहसीलदारांच्या सहीचा दाखला काढणं शहाणपणाचं. अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून होतो. त्याआधी तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्या. शिधापत्रिका, आधार, सातबारा असेल तर त्याचा उतारा आणि स्वयंघोषणापत्र सोबत ठेवा.

कोकणात अडतं ते घराच्या रचनेमुळे. चाकरमानी वडिलांचं नाव कधी मुंबईच्या शिधापत्रिकेवर असतं, तर आई आणि मुलं गावच्या. दाखला काढताना फक्त आईचं उत्पन्न लिहिलं आणि वडिलांची पगारचिठ्ठी नंतर कुठेतरी आली, तर विसंगती दिसते. दोघांचं उत्पन्न सुरुवातीलाच एकत्र दाखवा. आंबा-काजूची बाग असेल तर खर्च वजा जाता हाती उरलेलं उत्पन्न सांगा. सातबारा आजोबांच्या आणि चुलत्यांच्या नावावर सामाईक असेल तर तेही तलाठ्याला स्पष्ट सांगा, नाहीतर बागेतली सगळी कलमं तुमच्याच हिशेबात धरली जातील.

दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, ती बहुधा ३१ मार्च असते. आठवीत काढलेला दाखला नववीच्या अर्जाला शिळा झालेला असतो. त्या वर्षी एप्रिल-मेमध्येच नवा काढून ठेवा. जूनमध्ये सगळ्याच प्रवेशांची गर्दी होते आणि पावसात वीज-नेट दोन्ही बेभरवशाचं होतं.

अर्ज: शाळेच्या लॉगिनमधून

परीक्षेचा अर्ज पालक भरत नाहीत, शाळा भरते. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर शाळेचं लॉगिन असतं. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि परीक्षा डिसेंबरच्या उत्तरार्धात एखाद्या रविवारी असते. गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद आणि शिक्षक गावी, असे दिवस अर्जाच्या मुदतीत येऊ शकतात. म्हणून मुलांची माहिती, फोटो आणि सह्या ऑगस्टमध्येच एका फोल्डरमध्ये जमवून ठेवावीत.

मुलाचं नाव कसं लिहिलं जातं, इकडे पालकांनी स्वतः लक्ष द्यावं. शाळेच्या जनरल रजिस्टरवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. सावंतच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये रजिस्टरवर 'व्ही', आधारवर 'डब्ल्यू', आणि बँकेच्या पासबुकावर वडिलांचं नाव गायब: असा तीन तऱ्हांचा मुलगा संगणकाला तीन वेगळी माणसं वाटतो. परीक्षेपुरतं हे खपून जातं, पण नववीत पोर्टल आधारशी ताडून बघतं आणि अर्ज तिथे अडतो. शाळेची नोंद, आधार आणि पासबुक ही तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, अक्षरन् अक्षर मिळवा. फरक असेल तर तो आठवीतच दुरुस्त करा. जन्मतारखेचंही तसंच.

अर्ज सबमिट करण्याआधी त्याची छापील प्रत पालकांना दाखवून सही घेण्याची पद्धत प्रत्येक शाळेने ठेवावी. चुकीच्या प्रवर्गावर खूण झाली तर मूल गुणवत्तेत असूनही यादीबाहेर राहू शकतं, आणि निकालानंतर तो बदलून घेणं फार जिकिरीचं असतं.

पेपर आणि अभ्यास

दोन पेपर, दोन्ही बहुपर्यायी, दोन्हींना ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा, म्हणजे मॅट. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, म्हणजे सॅट. सॅटमध्ये सामान्य विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० गुणांचं. अभ्यासक्रम सातवी आणि आठवीचा. दोन्ही मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण पात्रतेला लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी ही अट ३२ टक्के, म्हणजे ५८ गुण आहे. हा फक्त उंबरठा आहे, निवड त्याच्या पुढे गुणवत्तेने होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

मॅटला पाठांतर उपयोगी नाही, वेग लागतो. एका प्रश्नाला एक मिनिट मिळतं, त्यातच वर्तुळही रंगवायचं असतं. उदाहरण घ्या: ३, ८, १५, २४, ३५, ? काही मुलं यात वर्गसंख्यांचं सूत्र शोधत बसतात. २ चा वर्ग वजा १, ३ चा वर्ग वजा १, असं ते जमतंही. पण शेजारच्या संख्यांतला फरक आधी लिहिला तर ५, ७, ९, ११ असे आकडे दिसतात. पुढचा १३, म्हणून उत्तर ४८, आणि काम दहा सेकंदांत झालं. संख्यामालिका दिसली की आधी फरक काढायचा, त्यात नियम सापडला नाही तर गुणाकार, मग वर्ग-घन, हा क्रम हाताला लागला पाहिजे. सांकेतिक भाषा, गटात न बसणारं पद, आरशातली आणि पाण्यातली प्रतिमा, लपलेली आकृती, दिनदर्शिका, वेन आकृत्या या प्रकारांचाही असाच पक्का क्रम बसवावा. आकृत्यांमध्ये अडखळणाऱ्या मुलाला कागद कापून, घडी घालून दाखवा. नुसतं फळ्यावर समजावून ते डोक्यात जात नाही.

सॅटमध्ये इतिहास १५, नागरिकशास्त्र ५ आणि भूगोल १५ असे ३५ गुण समाजशास्त्राला आहेत, विज्ञानाइतकेच आणि गणितापेक्षा पंधरा जास्त. क्लासमध्ये मात्र सगळा जोर गणितावर. आमचं स्पष्ट मत आहे की कोकणातल्या मुलांनी भूगोल आणि इतिहास सोडू नयेत, कारण इथे कमी कष्टात गुण वाढतात. सातवीच्या भूगोलातली भरती-ओहोटी किनाऱ्यावरच्या मुलाला शिकवावी लागत नाही. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेला आणि भांगाची अष्टमीला, हे घरात रोज कानावर पडतं. त्याला फक्त चंद्र-सूर्याच्या स्थितीचा पुस्तकी शब्द जोडून द्यायचा. इतिहासात सातवीला शिवकाळ आणि मराठेशाही, आठवीला इंग्रजी सत्ता आणि स्वातंत्र्यलढा. सनावळ्यांची एक लांब पट्टी भिंतीवर चिकटवली की पुरे.

पाठ्यपुस्तकं बालभारतीचीच वापरा. आकृत्यांखालचा मजकूर, चौकटींतली माहिती आणि स्वाध्याय यांवरचे प्रश्न मुलं हमखास चुकतात, कारण तेवढं सोडून वाचायची सवय असते. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. जून ते सप्टेंबर प्रकारवार सराव, दिवाळीच्या सुट्टीपासून दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर, तोही खऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर. एक प्रश्न सोडून पुढचा सोडवला आणि वर्तुळ मात्र सोडलेल्याच्या ओळीत रंगवलं, तर तिथून खालची सगळी उत्तरं सरकतात. दर दहा प्रश्नांनी क्रमांक तपासण्याची सवय रविवारीच लागते.

परीक्षेचा दिवस

केंद्र तालुक्याच्या गावी असतं. खाडीपलीकडच्या किंवा घाटाखालच्या वाड्यांतून रविवारी सकाळी एसटी मिळेलच असं नाही, म्हणून शाळेने गाडी आधीच ठरवावी किंवा मुलांची आदल्या रात्री सोय करावी. दोन पेपरांच्या मध्ये मोठी सुट्टी असते, डबा-पाणी द्या. काळं किंवा निळं बॉलपेन दोन नग. खाडाखोड आणि व्हाइटनर अजिबात नको. प्रश्नपत्रिकेचा संच क्रमांक उत्तरपत्रिकेवर पहिल्याच मिनिटाला लिहायचा.

परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची येते आणि ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन आक्षेप घेता येतो. पाठ्यपुस्तकाचं पान दाखवता येत असेल तरच घ्या.

निवड यादीत नाव नसेल तर

मूल पात्र ठरलं पण केंद्राच्या यादीत आलं नाही, आणि ते मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा असेल, तर सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे: महिना ८००, वर्षाला ९,६०० रुपये, नववी ते बारावी. कुणबी समाज मोठ्या संख्येने असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात तर प्रत्येक हायस्कूलने याची यादी स्वतःहून करायला हवी. अर्ज शाळेमार्फत जातो. परीक्षेत मुलाला किती गुण मिळाले याची प्रत जपून ठेवा, तोच इथला पाया आहे.

एनटीएसई, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, २०२१ पासून स्थगित आहे. तिच्या नावाने कोणी फी मागत असेल तर देऊ नका.

नववी: खरं काम इथे

निवड झाल्यावर पैसे आपोआप येत नाहीत. नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, नवीन अर्ज भरावा लागतो. पोर्टल बहुधा जूनमध्ये उघडतं. मुदतवाढ अनेकदा मिळते, पण तिच्यावर विसंबू नये. नववीत हा अर्ज चुकला तर दहावीत नूतनीकरण करायला काही उरतच नाही.

१. आधी एकवेळ नोंदणी, म्हणजे ओटीआर. आधारवरून पडताळणी होते, मोबाइलवर ओटीपी येतो आणि मोबाइल अॅपवरून चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. मिळालेला १४ अंकी क्रमांक पुढे कायमचा असतो. तो शाळेच्या रजिस्टरवर आणि पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

२. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो माणूस जवळ हवा. घरचा नंबर मुंबईतल्या वडिलांच्या खिशात किंवा खोल समुद्रात ट्रॉलरवर असेल, तर ओटीपीची वेळ टळून जाते. मच्छीमार घरांसाठी जून-जुलै हाच योग्य काळ. मासेमारीबंदीत वडील घरी असतात, तेवढ्यात आधार केंद्रावर जाऊन मोबाइल जोडणी आणि बँकेची कामं उरका. चाकरमान्यांसाठी मे महिना.

३. अर्जात योजना निवडताना एनएमएमएसच निवडा, बैठक क्रमांक निकालपत्रावरूनच टाका. शाळा निवडताना यू-डायस क्रमांकाने, म्हणजे शाळेच्या सरकारी सांकेतिक क्रमांकाने शोधा. एकाच संस्थेची सारख्या नावाची हायस्कूलं शेजारच्या गावांत असतात, आणि चुकीची शाळा निवडली की अर्ज तिच्या लॉगिनमध्ये जाऊन पडून राहतो.

४. सबमिट झाल्यावर शाळेचे नोडल अधिकारी त्यांच्या लॉगिनमधून पहिली पडताळणी करतात, त्यानंतर जिल्हा पातळीवर माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालय दुसरी. या दोन्हींच्या मुदती वेगळ्या असतात. अर्ज त्रुटीसाठी परत आला तर तो विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये दिसतो, घरी पत्र येत नाही. आठवड्यातून एकदा स्थिती बघा. वाडीत रेंज नसेल तर सड्यावर किंवा तिठ्यावर जाऊन का होईना, पण बघा.

आठवीपर्यंतच वर्ग असलेल्या जिल्हा परिषद शाळेतून उत्तीर्ण झालेल्या मुलांचं इथे हमखास निसटतं. परीक्षेचा अर्ज जुन्या शाळेने भरला, निवड यादीही तिच्याकडेच आली. नववीचं हायस्कूल नवीन, तिथल्या शिक्षकांना मूल निवडलं गेल्याची कल्पनाच नाही. निकालपत्राची प्रत घेऊन पालकांनीच जूनच्या पहिल्या आठवड्यात हायस्कूलच्या कार्यालयात जावं. आणि त्या हायस्कूलचं एनएसपीवर नोडल अधिकाऱ्याचं लॉगिन चालू आहे ना, हेही तिथेच विचारावं.

बँक खातं

पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. अर्जावर लिहिलेल्या खात्यापेक्षा आधारला सर्वांत शेवटी कुठलं खातं जोडलं गेलं, ते महत्त्वाचं. माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये ते दिसतं. तिथे बँकेचं नाव आणि 'अॅक्टिव्ह' हा शब्द दोन्ही दिसले पाहिजेत. पासबुकावर आधार नोंदवलेला असणं म्हणजे सीडिंग, अर्थात पैसे जमा होण्यासाठीची आधार जोडणी, नव्हे. त्यासाठी बँकेत वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो.

गावातल्या पतसंस्थेतलं खातं चालत नाही, बँकच हवी. बँक लांब असेल तर पोस्टमनमार्फत इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडता येतं, दहा वर्षांवरच्या मुलांना ते मिळतं आणि आधार जोडणीही तेव्हाच होते. खातं मुलाच्या नावाचं असावं. वर्षातून एकदा थोडे पैसे भरून-काढून ते चालू ठेवा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं.

आणखी एक अडथळा वयाचा. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर आधारवर बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. हा वाढदिवस नेमका नववी-दहावीत येतो, आणि लहानपणीच्या फोटोशी चेहरा न जुळल्यामुळे ओळख पटत नाही. वाढदिवसानंतरच्या पहिल्याच सुट्टीत ते करून घ्या.

दहावी, अकरावी, बारावी

दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्याच ओटीआरने, शाळेच्या नव्या पडताळणीसह. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जायला हवं. दहावीला ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्क्यांची सूट.

दहावीनंतरचा निर्णय घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आयटीआय किंवा पदविका अभ्यासक्रमाला, म्हणजे रत्नागिरी-मालवणच्या तंत्रनिकेतनाला प्रवेश घेतला की ही शिष्यवृत्ती थांबते. त्यासाठी तंत्रनिकेतन सोडावं असं आम्ही म्हणत नाही. २४,००० रुपयांसाठी मुलाची वाट बदलू नये, फक्त हिशेब माहीत असावा. अकरावीला मुंबईत काकांकडे जाणार असाल तर कॉलेजची तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. एकाच कॉलेजात दोन्ही असतात. जुन्या शाळेकडून एनएसपी क्रमांक आणि मागच्या वर्षीच्या अर्जाची प्रत घेऊनच गाव सोडा.

बारावीत असताना मूल १८ वर्षांचं होतं. तेव्हा पालकासह उघडलेलं अज्ञान (अल्पवयीन मुलाचं) खातं सज्ञान करून घ्यावं लागतं. नवी सही, नवं केवायसी दिलं नाही तर बँक व्यवहार थांबवते आणि शेवटच्या वर्षाचे १२,००० परत जातात. वाढदिवसाच्या आठवड्यात मुलाला स्वतः शाखेत पाठवा आणि परत आल्यावर सीडिंग स्टेटस पुन्हा एकदा तपासा. तोच ओटीआर क्रमांक बारावीनंतर मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांतल्या मुलांसाठी असलेल्या केंद्राच्या पदवी शिष्यवृत्तीच्या अर्जालाही लागतो.